भेटी लपवा, आणि लपवायला मुलांनाच बसवा

पत्र

ताई, आम्ही वसईला निर्मळच्या जवळ राहतो. घर एकत्र आहे. सासूबाई, आम्ही दोघं, मोठे दीर आणि जाऊबाई. पुतण्या तेरा वर्षांचा, माझी मुलगी नऊ आणि मुलगा चार वर्षांचा. नणंद टोरांटोला असते, ती दर नाताळला मोठं पार्सल पाठवते. रात्री मिस्सावरून, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनेवरून, आम्ही उशिरा येतो. सकाळी मुलं उठतात, दहा मिनिटांत सगळे कागद फाडून मोकळी होतात. मग कुणाचं मोठं, कुणाचं लहान यावरून रडारड, आणि थोड्या वेळाने तिघंही मोबाइलवर. पुतण्याला आता कशातच रस नाही. 'सांता वगैरे काही नसतो' हे तो धाकट्याला सांगून टाकेल याची मला धास्ती वाटते. दर वर्षी मुलं वाट बघतील अशी काहीतरी घरातली गंमत सुरू करावी असं फार मनात आहे. पण सासूबाई म्हणतात, सण देवाचा, त्यात ही नवी नाटकं कशाला? आणि खरं सांगते, त्या सकाळी माझ्या अंगात त्राणच उरलेलं नसतं. यंदा सुरू करू की पुढच्या वर्षी नीट तयारी करून?

एक आई, वसई

उत्तर

प्रिय ताई,

तुमच्या पत्रातली त्राण नसल्याची गोष्ट मी सगळ्यात आधी घेते, कारण बाकीचं सगळं तिच्यावर अवलंबून आहे. नाताळच्या आधीचा आठवडा तुमच्या घरी कसा जात असेल याची मला कल्पना आहे. करंज्या, नानकटाई, केक, घराची झाडलोट, पाहुण्यांच्या गाद्या, मुलांचे कपडे, रात्रीचा मिस्सा आणि दुसऱ्या दिवशीचा मोठा स्वयंपाक. यावर आणखी एक काम तुमच्या डोक्यावर टाकणारा कोणताही सल्ला मी देणार नाही. घरातली गंमत एकटी आई उभी करत असेल तर ती दोन वर्षांत बंद पडते, आणि आई त्याबद्दल स्वतःलाच दोष देत बसते. तेव्हा पहिली अट अशी ठेवा, की त्या सकाळी तुम्ही आणि जाऊबाईंनी चहाचा कप हातात घेऊन ओटीवर बसायचं आणि बघायचं.

मग करायचं कुणी? मुलांनी.

तुमच्या घरच्या सकाळीत मुलांना एकच काम आहे, घेणं. घ्यायला किती वेळ लागतो? कागद फाटेपर्यंत. पण एखादी वस्तू लपवायला, लपवून गप्प राहायला, दुसरा शोधत असताना हसू दाबायला आणि आपली शोधायला भरपूर वेळ लागतो, आणि त्यात भांडायला फुरसत मिळत नाही. म्हणून माझं सांगणं असं: नाताळच्या सकाळी कुणाचीही भेट झाडाखाली ठेवू नका. प्रत्येकाची एकच छोटी भेट घरात लपलेली असेल, तिच्यापर्यंत पोचायला चिठ्ठ्या असतील, चिठ्ठीवर हुमाण, म्हणजे कोडं, असेल, आणि हे सगळं मुलांनी एकमेकांसाठी केलेलं असेल. पुतण्याने तुमच्या मुलीसाठी, मुलीने पुतण्यासाठी, आणि दोघांनी मिळून धाकट्यासाठी.

भेटीला कोडं जोडायची रीत जगात जुनी आहे. नेदरलँड्समध्ये ५ डिसेंबरच्या संध्याकाळी संत निकोलसच्या नावाने भेटी देतात, आणि भेटीबरोबर घेणाऱ्याच्या सवयींची थट्टा करणारी कविता असते. देणारा आपलं नाव घालत नाही, खाली सही संताची. स्वीडनमध्ये भेटीच्या कागदावर दोन ओळींचं यमक लिहितात, त्यावरून आत काय आहे ते ओळखायचं. आपल्याकडे तर कोड्यांची खाणच आहे, आणि तुमच्या घरात ती खाण सासूबाईंच्या तोंडात असणार. त्यांच्याकडे मी येतेच.

हुमाण कसं असावं? ज्या जागी पुढची चिठ्ठी आहे, त्या जागेचं. घरातल्या रोजच्या वस्तू घ्या. मी दोन करून देते, म्हणजे मुलांना चाल कळेल.

दातच दात तोंडभर,
खोबरं खाते वाटीभर,
गिळत नाही कणभर.

ही खवणी. चिठ्ठी खवणीच्या लाकडी पाटाखाली चिकटवलेली. पात्याजवळ ठेवू नका, हात कापेल.

दिवसभर चालतो,
ओटी सोडत नाही.
आजी बसली की
कुरकुर थांबत नाही.

हा झोपाळा. पुढची हुमाणं तुमची मुलगी करील. नऊ वर्षांच्या मुलांना यमक जुळवण्याचं वेड असतं, त्यांना फक्त कुणीतरी 'हे काम तुझं' असं म्हणावं लागतं. माठ, उंबरा, पाटा-वरवंटा, छत्री, शिवणाचं मशीन, मीठाची बरणी, बाबांची हेल्मेट, सगळं चालतं. यमक मोडकं असलं तरी दुरुस्त करू नका. मोडक्या यमकाचं हुमाणच घरात वर्षानुवर्षं म्हटलं जातं. चार वर्षांच्या मुलासाठी अक्षरांच्या जागी चित्र काढा. माठाचं चित्र म्हणजे माठाकडे पळायचं.

प्रत्येकाच्या चिठ्ठ्यांना वेगळा रंग द्या. धाकट्याच्या पिवळ्या, मुलीच्या हिरव्या, पुतण्याच्या निळ्या. नियम एकच: दुसऱ्याच्या रंगाची चिठ्ठी दिसली तरी हात लावायचा नाही आणि तोंड उघडायचं नाही. एकेकाला पाच चिठ्ठ्या पुष्कळ झाल्या. दहा केल्या तर धाकटा सहाव्याला रडेल आणि मोठा कंटाळेल. पुतण्याच्या एका चिठ्ठीची जागा मुद्दाम अशी निवडा की तिथे फक्त चार वर्षांचं मूलच शिरू शकेल, पलंगाखाली अगदी भिंतीशी किंवा कपाटामागच्या फटीत. तेरा वर्षांच्या मुलाला धाकट्याची मनधरणी करावी लागली पाहिजे. माझ्या मते सगळ्या खेळातली ही सर्वांत चांगली खुबी आहे, ती सोडू नका.

आता पुतण्या. तुमची धास्ती मला कळते, पण त्याला गप्प बसवायला जाऊ नका. तेरा वर्षांच्या मुलाला 'धाकट्याला सांगू नकोस हं' एवढंच म्हटलं तर तो मुद्दाम सांगतो. त्याला गुपितात घ्या. बाजूला बसवून, सांता ज्याच्यावरून आला त्या खऱ्या निकोलसची गोष्ट सांगा. चौथ्या शतकात, आजच्या तुर्कस्तानात मायरा नावाच्या शहराचा हा बिशप. त्याची परंपरेने चालत आलेली गोष्ट अशी, की एका गरीब बापाच्या तीन मुली होत्या आणि त्यांच्या लग्नाला द्यायला त्याच्याकडे काही नव्हतं. निकोलसने रात्री गुपचूप खिडकीतून सोन्याची थैली आत टाकली. मग दुसरी टाकली. तिसऱ्या वेळी बाप जागत बसला आणि त्याने त्याला पकडलं, तर निकोलसने त्याच्याकडून वचन घेतलं की मी जिवंत आहे तोवर हे कुणाला सांगायचं नाही. त्याचा सण ६ डिसेंबरला असतो. ही गोष्ट सांगून पुतण्याला म्हणा, 'आता तू या बाजूचा झालास. धाकट्याची भेट लपवायची जबाबदारी तुझी. तू पकडला गेलास तर खेळ फसला.' मोठ्या माणसांच्या बाजूला बसायला मिळणं ही त्या वयात मिळू शकणारी सर्वांत मोठी भेट असते, आणि ती कॅनडाच्या पार्सलातून येत नाही.

त्याचा मोबाइल काढून घेण्याची गरज उरत नाही. वाटलं तर त्यालाच काम द्या: एक चिठ्ठी आत्याकडे. तुमच्याकडे सकाळचे नऊ वाजतात तेव्हा टोरांटोला आदल्या रात्रीचे साडेदहा असतात. नणंदबाई जाग्या असतील, त्यांची नाताळची रात्र चालू असेल. निळ्या चिठ्ठीवर लिहा, 'पुढचं हुमाण समुद्रापलीकडे आहे.' पुतण्याने व्हिडिओ कॉल लावायचा, आत्याने हुमाण घालायचं, तिघांनी मिळून ओळखायचं. तिथे एकटीने सण करणाऱ्या माणसालाही घरात जागा मिळते.

सासूबाईंचं म्हणणं मी हलकं घेत नाही. सण देवाचा आहे हे त्या बरोबरच सांगतात, आणि आजकाल नाताळ म्हणजे लाल टोपी आणि दुकानातले दिवे एवढंच उरेल अशी त्यांना भीती असेल तर ती खोटीही नाही. त्यांच्याशी वाद घालू नका. खेळ त्यांच्या हातात द्या. सकाळी सगळ्यांनी नाताळच्या गोठ्यासमोर, म्हणजे येशूजन्माच्या देखाव्यासमोर, जमायचं, सासूबाईंनी प्रार्थना सांगायची, आणि पहिली चिठ्ठी त्यांनीच पदराच्या गाठीतून सोडून द्यायची. त्यांनी गाठ सोडेपर्यंत खेळ सुरू होणार नाही. मुलांना सांगा, गोठ्याची ही रीत असिसीच्या संत फ्रान्सिसने १२२३ साली इटलीतल्या ग्रेचो गावात मांडली. गवताची गव्हाण, खरा बैल, खरं गाढव. येशूचा जन्म कसल्या जागी झाला ते लोकांना डोळ्यांनी दिसावं म्हणून. हे सासूबाईंना आवडेल, आणि त्या त्यात आणखी चार गोष्टी घालतील.

शिवाय निदान दोन हुमाणं त्यांच्याकडून घ्या, आणि ती त्यांच्या कादोडी बोलीतच असू देत. तुमची मुलं इंग्रजी शाळेत जात असतील तर कादोडी त्यांना कानावरून माहीत, पण तोंडात नाही. मुलं अडतील. अडली की अर्थ विचारायला आजीकडेच जावं लागेल. पुढच्या वर्षी त्या स्वतःहून हुमाणं जमवू लागतील अशी माझी खात्री आहे.

खाण्याचा एक छोटा खेळ हवा असेल तर सांगते. नॉर्वेत नाताळाला तांदळाची खीर करतात आणि त्यात एकच सोललेला बदाम टाकतात. ज्याच्या वाटीत तो निघेल त्याला मार्झिपानचं, म्हणजे बदामाच्या मिठाईचं डुक्कर बक्षीस. तांदळाची खीर आपल्याला काही परकी नाही. पण तुमच्या घरात चार वर्षांचं मूल आहे, अख्खा बदाम त्याच्या घशात अडकू शकतो, म्हणून बदाम नकोच. एका वाटीच्या बुडाला खडूची फुली करा. खीर संपवून वाटी उलटी करायची. फुली ज्याची, त्याने शोधाला आधी निघायचं. खीर संपते हाही फायदा.

आता जागेबद्दल, कारण तुमचं घर फ्लॅट नाही, मागे वाडी असणार. वाडीत जाऊ दे मुलांना, त्याशिवाय मजा नाही, पण चार गोष्टी पुतण्याला आधीच बजावा. विहिरीच्या कठड्यावर, पंपाजवळ किंवा पाण्याच्या टाकीपाशी काहीही लपवायचं नाही, गंमत म्हणूनही नाही. लाकडाची रास, पेंढा, दगडांचे ढीग, वाळक्या केळीच्या पानांचे गठ्ठे यात हात घालायचा नाही आणि दुसऱ्याला घालायला लावायचा नाही. तिथे विंचू असतो, सापही असतो. गोठ्यातल्या गवतातही चिठ्ठी नको, तिथे दिव्यांच्या वायरी असतात. आणि डिसेंबरात आपल्याकडे पहाटे इतकं दव पडतं की उघड्यावरच्या चिठ्ठीचा लगदा होतो. शाईचं एक अक्षर उरत नाही. बाहेरच्या चिठ्ठ्या झाकणाच्या छोट्या डब्यात घाला, किंवा ऊन आल्यावर सकाळीच ठेवा. भेट खाऊची असेल तर घट्ट झाकणाचा डबा लागेल. सुकेळ्यांचं, म्हणजे सुकवलेल्या केळ्यांचं, पुडकं रात्रभर बाहेर राहिलं तर मुलांच्या आधी मुंग्यांना सापडेल.

भेट काय असावी? छोटी. भिंग, भोवरा, रंगीत खडू, गोष्टीचं पुस्तक, गळ आणि दोरी, फुलझाडाचं रोप. तिघांचीही साधारण एका किमतीची. पुढच्या वर्षी कार्तिकातल्या निर्मळच्या जत्रेत मुलांना थोडे पैसे देऊन एकमेकांसाठी भेट निवडायला लावा. तेव्हापासून नाताळपर्यंत ते गुपित पोटात ठेवायचं, यातच अर्धी मजा आहे.

एक चिठ्ठी मात्र घराबाहेर जाऊ द्या. नाताळला तुमच्याकडून शेजारी फराळाची ताटं जातातच. दिवाळीत त्यांच्याकडून येतात, तशी. ती ताटं मोठी माणसं घाईघाईने दुपारी पोचवतात. त्याऐवजी शेजारच्या काकूंना आदल्या दिवशी सांगून एक चिठ्ठी त्यांच्याकडे ठेवा. अट अशी: मुलांनी ताट घेऊन यायचं, 'नाताळच्या शुभेच्छा' म्हणायचं, काकूंनी कसे आहात विचारलं तर उभं राहून नीट उत्तर द्यायचं, आणि मगच चिठ्ठी मिळेल. काकू चिठ्ठी सहजासहजी देणार नाहीत, हे मी लिहून देते. त्याही खेळात उतरतील. पुढच्या दिवाळीत त्यांच्या घरचं एखादं हुमाण फराळाच्या ताटातून तुमच्याकडे आलं तर नवल वाटायला नको.

राहता राहिलं पार्सल. भांडणाचं मूळ तेच आहे, आणि त्याचा उपाय तुमच्या गोठ्यातच आहे. पार्सल नाताळला उघडूच नका. बाळ येशूला भेटी आणल्या कुणी? पूर्वेकडून आलेल्या ज्ञानी लोकांनी, ज्यांना तीन राजे म्हणतात, सोने, ऊद आणि गंधरस. त्यांचा सण ६ जानेवारीचा, चर्चमध्ये तो बहुधा जवळच्या रविवारी साजरा होतो. स्पेनमध्ये मुलांना मोठ्या भेटी त्याच दिवशी मिळतात. आदल्या रात्री ती बूट काढून ठेवतात आणि राजांच्या उंटांसाठी पाणी ठेवतात. तुम्ही असं करा: २५ तारखेला गोठ्यात तीन राजांच्या मूर्ती ठेवू नका. त्यांना घराच्या पूर्वेकडच्या खिडकीत उभं करा. रोज रात्री कुणीतरी, म्हणजे पुतण्याने, त्यांना थोडं पुढे सरकवायचं. आज खिडकी, उद्या फ्रिजवर, परवा सासूबाईंच्या औषधांच्या डब्यामागे. धाकट्याने रोज सकाळी त्यांना शोधून काढायचं. ६ तारखेला ते गोठ्यात पोचतील, आणि त्या संध्याकाळी, शाळा-ऑफिसातून सगळे आल्यावर, आत्याचं पार्सल उघडायचं. तोवर मुलांच्या भेटींची भूक शमलेली असते आणि तुलना फारशी होत नाही. नणंदबाईंना मात्र हे आधी फोन करून तुम्ही स्वतः सांगा. पार्सल पोचूनही उघडलं नाही असं त्यांना दुसऱ्या कुणाकडून कळलं तर वाईट वाटेल, आणि ते वाटणं रास्त असेल.

त्या दिवसांत फोटो कमी काढा. शोधणाऱ्या मुलाला मध्येच थांबवून 'इकडे बघ' म्हटलं की त्याचा धागा तुटतो. एकजण शेवटी एक फोटो काढेल, पुरे.

यंदा की पुढच्या वर्षी, असं तुम्ही विचारलंत. यंदाच. पुढच्या वर्षी धाकटा पाचचा होईल आणि पुतण्या चौदाचा, आणि चौदाचा मुलगा हाताशी लागेलच असं नाही. पण सगळं एकदम करू नका. यंदा फक्त चिठ्ठ्या आणि तीन राजे, शेजारच्या काकूंची चिठ्ठी जमली तर. खीर, जत्रा, आत्याचा कॉल पुढे बघा. आगमनकाळाचे, म्हणजे नाताळच्या आधीच्या आठवड्यांतले, जेवढे रविवार हातात असतील तेवढ्या रविवारी दुपारी मुलांना दोन-दोन हुमाणं करायला बसवा, म्हणजे २४ तारखेला धावाधाव होणार नाही. लपवायचं काम त्या रात्री मिस्सावरून आल्यावर मोठी दोघं मुलंच करतील, तुमचे यजमान आणि दीर त्यांच्या मदतीला असतील. यजमानांना आणि दिरांना हे आजच सांगून ठेवा, आदल्या रात्री सांगितलं तर ते 'झोप आली' म्हणतील. आणि पुतण्याला निकोलसची गोष्ट तुम्ही सांगण्यापेक्षा त्याच्या वडिलांना सांगायला लावा.